समुद्र नको म्हणून बेसिंगस्टोक

इंग्लंडहून परतल्यापासून मालवणात जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "बाई, स्टोनहेंज बघितलंत का?" बघितलं. कुंपणाबाहेरून, तिन्हीसांजेच्या धुरकट उजेडात, आणि त्या वेळी माझं दगडांकडे लक्ष नव्हतं. इतक्या लांब जाऊन ते जगप्रसिद्ध दगड धड न बघता आल्याबद्दल माझ्या बहिणीने मला अजून माफ केलेलं नाही. पण तिथे जे ऐकलं आणि पुढचे काही दिवस जो जीव टांगणीला लागला, त्यापुढे दगडांचं काय घेऊन बसलात!

या लेखातली नावं बदललेली आहेत. बेसिंगस्टोक या इंग्लंडमधल्या गावात मराठी वाचणारी माणसं असतील, पण ती चिनी दुकानातल्या काकांना हे वाचून दाखवायला जाणार नाहीत. तरी बदललेली बरी.

मँचेस्टर

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिलं आणि माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, विमानाचं तिकीट. तिचे यजमान मँचेस्टरला हॉस्पिटलात डॉक्टर. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. शहरात नव्या ट्राम धावू लागल्या होत्या आणि सुमन त्या मला अशा थाटात दाखवायची, जणू तिच्याच मालकीच्या. नोव्हेंबर होता. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधारून यायचं, आणि मला उगीचच कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं.

सगळ्यात जास्त हाल झाले ते माशांवाचून. बाजारात मासा होता, पण त्याला डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही. पांढऱ्या पट्ट्या नुसत्या. "ताई, इथल्या लोकांना मासा माशासारखा दिसलेला आवडत नाही," सुमन म्हणाली. मी म्हटलं, मग खातात कशाला?

शेजारच्या घरात प्रोफेसर लाम राहत. चाळिशीचे, एकटे, बारीक अंगाचे. कुंपणापलीकडून रोज सकाळी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणत आणि मान खाली घालून सायकलवर बसत. माझी भाची नेहा त्यांच्याच हाताखाली इंजिनिअरिंग शिकत होती. आपल्याकडे कॉलेजात शिकवणारा जो तो प्रोफेसर. तिथे तसं नाही. तिथे ती अगदी वरची पायरी, आणि तिच्यावर पाय ठेवल्यावर माणसाने अंगात झगा घालून, सगळ्यांना बोलावून एक व्याख्यान द्यायचं असतं. लामना ते पद नुकतंच मिळालं होतं आणि त्यांचं व्याख्यान येत्या गुरुवारी होतं.

त्यांची हकीकत मला सुमनने भांडी पुसता पुसता सांगितली. हाँगकाँगकडच्या एका मासेमारी बंदरातला हा मुलगा. आई लहानपणीच गेली. बाप बंदरासमोर बोट उलटून गेला. मग काका-काकी त्याला घेऊन इंग्लंडला आले आणि बेसिंगस्टोकला त्यांनी चिनी खाण्याचं दुकान काढलं. हा बटाटे सोलायचा, गिऱ्हाइकांना पुड्या बांधून द्यायचा आणि मधल्या वेळात तिथेच अभ्यास करायचा. पुढे दुकान सोडून विद्यापीठात गेला. ऐंशीच्या दशकात डॉक्टरेट झाली. विषय कोणता, तर लहान होड्या लाटांत कशा उलटतात.

"बाप ज्याने गेला तोच विषय?" मी विचारलं.

"हो ना. आणि दुकान सोडलं म्हणून काका तेव्हापासून धड बोलत नाहीत त्यांच्याशी. So sad, ताई."

दुसऱ्या दिवशी नेहा मला त्यांची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. आमच्या शाळेच्या मैदानाएवढं लांब पाण्याचं टाकं, एका टोकाला लाटा करणारं यंत्र, आणि पाण्यावर हातभर लांबीची होडी.

"मावशी, बघ हं, आता ही बोट उलटतो," नेहा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

लामनी लाट सोडली. ती होडीच्या मागून आली, तिला उचललं, पुढे ढकललं आणि निघून गेली. होडी तरली. मग त्यांनी तशीच लाट पुन्हा सोडली आणि या वेळी सुकाणू थोडं वळवलं. होडी आडवी झाली, लाट कुशीत बसली आणि क्षणात तिचं पोट वर आलं. माझं माहेर देवगडचं, बोटी बघतच वाढले. तरी मी एक पाऊल मागे सरले.

"एवढंच आहे," लाम म्हणाले. आम्ही इंग्रजीत बोलायचो, इथे मराठीत लिहिते. "मागून मोठी लाट आली की सरळ धरायची. घाबरून किनाऱ्याकडे वळवली की संपलं. माझ्या वडिलांनी तेच केलं."

बापाबद्दल माणूस इतकं थंडपणे बोलतो याचा मला राग आला. तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण बाहेर येताना त्यांनी मला थांबवलं. सोमवारी काकांना व्याख्यानाचं आमंत्रण द्यायला ते बेसिंगस्टोकला जाणार होते. "एकटा गेलो की काका उठून जातात. वयाने मोठा पाहुणा बरोबर असला की बसतात. तुम्ही याल?"

घरी येऊन मी सुमनला विचारलं. तिचं ठरलेलंच होतं. "जा ना ताई. तिथून स्टोनहेंज जवळच आहे. तेवढंच बघून होईल."

बेसिंगस्टोक

या गावात शिरायचं म्हणजे एक गोल चौक, मग दुसरा गोल चौक, मग तिसरा. मला गरगरायला लागलं. काचेच्या कचेऱ्या, गाड्या लावायची मैदानं, शिस्तीत उभी घरं. कोळ्याने येऊन राहावं असं तिथे काहीही नव्हतं, आणि मी तसं म्हणालेसुद्धा.

"समुद्र नको म्हणून तर हे निवडलं," लाम म्हणाले. "दिसायला नको, वास यायला नको. काकांची एवढीच अट होती."

सोमवारी दुकान बंद असायचं. जेवण वरच्या मजल्यावर होतं. काका ठेंगणे, ताठ, पांढऱ्या केसांचे. मी मालवणचे काजू नेले होते. "दोन्ही हातांनी द्या," असं लामनी गाडीतच बजावलं होतं. काकांनीही ते दोन्ही हातांनी घेतले, मान लववली, पण पुतण्याकडे बघितलं नाही. काकी मात्र गोलमटोल आणि बडबडी. इतकी वर्षं दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहून त्यांचं इंग्रजी चांगलं सुटलं होतं. काकांना ते जेमतेम कळायचं.

आणि मग मासा आला. अख्खा! डोक्या-शेपटीसकट, वाफेवर शिजवलेला, वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे बारीक दोरे, त्यावर कडकडीत तेल. काकींनी डोकं माझ्याकडे येईल असं ताट फिरवलं, पाहुण्याचा मान म्हणून. इतक्या आठवड्यांनी माशाचा डोळा बघून मला खरोखर भरून आलं. मी काट्याजवळचं मांस बोटांनी काढून खायला लागले तेव्हा काका पहिल्यांदा हसले. पुतण्याला काहीतरी म्हणालेही.

"काका म्हणतात, तुम्ही समुद्राचं माणूस आहात," लाम म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जमलं आता.

वरची बाजू संपली. लाम खुशीत होते, घाईत होते, त्यांना मला वाढायचं होतं. त्यांनी चमचा माशाखाली घातला आणि मासा उलटा केला.

मला त्यात काहीच वाटलं नाही. आपण तव्यावर बांगडा उलटतो, ताटात उलटतो. पण काकींचा हात हवेत थांबला. काका त्या माशाकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातल्या जेवायच्या काड्या हळूच खाली ठेवल्या, एकमेकींना लावून ठेवल्या, आणि जिना उतरून खाली दुकानात निघून गेले. लाम पांढरेफटक पडले होते. काकींनी मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"आम्ही बोटीवरची माणसं," त्या म्हणाल्या. "ताटातला मासा आम्ही कधी उलटत नाही. बोट उलटते. वरचं खायचं, काटा उचलायचा, मग खालचं खायचं. हे पोर लहानपणी बोलायच्या आधी हे शिकलं होतं. आणि या घरात, याच्या हातून!"

"विसरले असतील हो."

"माझ्या नवऱ्याला तसं वाटणार नाही." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशी सुकाणूवर त्याचा बाप नव्हता. माझा नवरा होता. लाट बघून घाबरला आणि किनाऱ्याकडे वळवली. हा पोहून आला, भाऊ आला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, भावाने वळवली. मग तेच खरं होऊन बसलं. गेलेल्या माणसावर टाकलं ते काढून कसं घेणार?"

काकींनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"पोराला वाटतं, दुकान सोडलं म्हणून काका रागावले. राग कसला? त्याने तो विषय घेतला तेव्हापासून हा माणूस भीत जगतोय. एक दिवस पोर गणित करून सांगणार, चूक कोणाची होती ते. तुम्ही त्याला सगळं सांगा. भाषणात ते वळवण्याचं दाखवू नको म्हणा."

"मी? तुम्हीच का नाही सांगत?"

"मी नवऱ्याला शब्द दिलाय. तुम्ही कुठे दिलाय?" त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो तर काका वर आले होते, उभेच होते. त्यांनी पुतण्याला दोन-तीन तुटक प्रश्न विचारले, त्यानेही तशीच तुटक उत्तरं दिली. काकी माझ्या कानाशी सांगत होत्या. भाषणात बोट दाखवणार? हो. उलटलेली? हो. मग काका म्हणाले, "येतो."

ज्या शब्दासाठी आम्ही इतक्या लांब गेलो होतो तो मिळाला होता, आणि खोलीत कुणालाही आनंद झाला नव्हता.

स्टोनहेंज

स्टोनहेंज दाखवीन असं सुमनला कबूल केलं होतं म्हणून लामनी गाडी तिकडे वळवली. पोचेपर्यंत फाटक बंद झालं होतं. रस्त्याच्या कडेला थांबलो. तारेच्या कुंपणापलीकडे, मोकळ्या माळावर ते दगड काळे दिसत होते, आणि वारा गाडीला हलवत होता. इंजिन बंद केल्यावर मी ठरवलं, आता सांगायचं. शाळेत मुलांना वाईट बातमी सांगायची वेळ माझ्यावर अनेकदा आली होती. तरी सुरुवात कशी करायची ते मी दोनदा मनात म्हणून बघितलं.

काकींनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. लाम समोर बघत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"मी धक्क्यावर उभा होतो. लहान होतो, पण डोळे चांगले होते. सुकाणूजवळच्या माणसाच्या अंगात लाल बनियन होतं. बाबांकडे लाल बनियन नव्हतं."

"आणि तुम्ही कुणालाच बोलला नाहीत? काकांनाही नाही?"

"काकांनी मला वाढवलं. त्यांना काय सांगणार?"

"मग हाच विषय कशाला घेतलात हो? जगात दुसरं काही नव्हतं शिकायला?"

ते थोडं हसले. "मला वाटलं, एखाद्या दिवशी असं गणित निघेल की वळवली नसती तरी ती उलटलीच असती. मग काकांकडे जाऊन सांगेन. मॅडम, मी सगळं करून बघितलं. ती बोट, ते वजन, तसली लाट. टाक्यात शेकडो वेळा बघितलं. तसं नाही निघालं. सरळ धरली असती तर बाबा घरी आले असते."

"तर मग गुरुवारी तेवढं गाळा. काका समोर असतील."

"नाही गाळता येणार. आजही पोरं समुद्रावर जातात. मागून लाट आली की घाबरून वळवतात. माझ्या सगळ्या कामात त्यांच्या उपयोगाचं ते एकच वाक्य आहे. मी काकांना येऊ नका म्हणू शकतो. पण कामात खोटं बोलणार नाही."

"येऊ नका म्हणालात तर त्यांना कळेलच की!"

"कळेल," ते म्हणाले.

मी आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं. या माणसाचं म्हणणं बरोबर आहे हे मला पुरतं कळत होतं, आणि तरी त्याचे खांदे धरून गदागदा हलवावेत असं वाटत होतं. शेवटी विचारलं, "आणि मासा? तो मुद्दाम उलटलात?"

"नाही. विसरलो. खरंच विसरलो." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "इतकी वर्षं बिनकाट्याचं खातोय."

त्यांनी गाडी सुरू केली. स्टोनहेंज ते हे एवढंच.

मँचेस्टर, गुरुवार

मधल्या दिवसांत सुमनने मला चेस्टर दाखवलं. गावाभोवतीचा जुना तट, काळी-पांढरी घरं, नदी. सगळीकडे मी "छान आहे" म्हणत होते आणि मनात ती होडी उलटत होती. कुंपणापलीकडून "गुड मॉर्निंग" येत होतं, पण लामनी काय ठरवलं ते कळायला मार्ग नव्हता आणि विचारायची माझी छाती नव्हती. रात्रीचं जेवण जाईना तेव्हा सुमनला वाटलं, हवा बाधली.

गुरुवारी संध्याकाळी काका-काकी ट्रेनने आले. काकांनी नवाकोरा सूट घातला होता, बाहीला कपड्याच्या दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती. ती काकींनी दातांनी तोडली. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. काका, मग काकी, मग मी, मग नेहा. समोर रंगीबेरंगी झगे घातलेले मोठमोठे लोक. या विषयातली देशातली जाणती मंडळी आली आहेत, असं नेहा म्हणाली. लाम झग्यात अगदीच लहान दिसत होते.

पहिला अर्धा भाग मला काही कळला नाही. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर ते टाकं आलं. लाट आली, होडी तरली. आता थांबा, इथेच थांबा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. ते थांबले नाहीत. दुसरी लाट आली, होडी वळली आणि उलटली. तिचं पोट पडद्यावर तसंच राहिलं आणि लाम स्वच्छ आवाजात म्हणाले, "वळवू नका. सरळ धरा. माझ्या सगळ्या संशोधनाचा अर्थ एवढाच." त्यांनी एक शब्दही गाळला नव्हता.

काकांना इंग्रजी कळत नव्हतं. पण चित्राला भाषा कुठे लागते? त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट मिटलेले होते. काकी समोर बघत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, कुलगुरू आभार मानायला उठले. अशा व्याख्यानाला प्रश्न विचारायची पद्धत नसते म्हणे. पण काका उभे राहिले. त्यांनी आपल्या भाषेत, मोठ्याने, पुतण्याला काहीतरी विचारलं. काकींनी माझा हात धरला आणि कुजबुजल्या, "विचारतोय, त्या दिवशी तुझ्या बापाने बोट वळवली नसती, तर वाचली असती का?"

बापाने! अजूनही बापानेच!

लाम मागे वळले आणि पडद्यावरच्या त्या उलट्या होडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खरं तेच सांगणार, त्याला दुसरं काही येतच नाही. मग ते काकांकडे वळले आणि त्यांच्याच भाषेत, सावकाश बोलू लागले. काकी एकेक वाक्य माझ्या कानात टाकत होत्या.

"नाही, काका. वाचली नसती. ती लाट या टाक्यातल्यासारखी नव्हती. सरळ धरली असती तरी उलटलीच असती. मी मोजून बघितलंय, पुन्हा पुन्हा बघितलंय. सुकाणूवर कोणीही असतं तरी तेच झालं असतं. बाबांची चूक नव्हती."

समोर देशातले सगळे जाणते बसले होते. खोडून काढायला एका क्षणाचाही वेळ लागला नसता त्यांना. पण त्यातल्या एकालाही ती भाषा येत नव्हती.

कुलगुरूंनी हसून विचारलं, प्रश्न काय होता ते आम्हालाही कळेल का?

"काका म्हणतात, मी फार वेळ बोललो," लाम इंग्रजीत म्हणाले.

सभागृह खो खो हसलं. मोठमोठे लोक झगे सावरत टाळ्या वाजवायला लागले. त्या गडबडीत काका हळूच खाली बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. काकींनी माझा हात सोडला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

नेहा माझ्याकडे झुकली. "मावशी, what did he really ask?"

"तेच गं. सरांनी सांगितलं तेच."

"मग अंकल रडतो का आहे?"

"दमलेत," मी म्हटलं. "फार लांबून आलेत ना."